त्रेचाळीस नंबरचा दिवा

देवाला टेलिफोन करायला लावणारी बाई या जगात मी एकटीच असेन. तेही अशा काळात, जेव्हा साध्या माणसांना फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मुलुंडमधल्या एका बैठकीच्या खोलीत, पंचवीस-तीस बायकांसमोर, हातात प्रसादाची वाटी धरून मी सांगितलं की आमच्या ऑफिसातल्या परबबाईंना महाराजांचा फोन आला. महाराज काय बोलले तेही सांगितलं. आवाज कसा होता तेही. त्यातलं एक अक्षर मी ऐकलेलं नव्हतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष झालेलं, केसांत रोज अबोलीचा गजरा. डोकं होतं ते गजरा अडकवायला.

हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे परबबाईंविषयी निवांतपणे लिहिता येईल. माझ्याविषयी लिहिण्यासारखं एवढंच आहे, आणि तेही त्यांच्यामुळे.

आमचा कारखाना भांडुपला, मोठ्या रस्त्याला लागून. पाण्याचे पंप बनायचे. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ऑफिसच्या जिन्याखाली एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड. लाकडी, माणसाच्या छातीएवढा उंच, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकाखाली नंबर आणि वर मुगाएवढा दिवा. कारखान्यात कुणी रिसीव्हर उचलला की त्याचा दिवा लागायचा. आपण दोरीचं एक टोक त्या भोकात घालायचं, खटका पुढे करून विचारायचं, "नंबर प्लीज?" आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात खोचायचं. खटका मागे घेतला नाही, तर दोन्हीकडचं सगळं आपल्या कानात. शेजारी शेजारी दोन खुर्च्या. एकीवर मी, दुसरीवर लीला परब.

परबबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. सावळ्या, बुटक्या, हातात दोन-दोन हिरव्या बांगड्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही त्यांना परत बोलावेना. दोन मुलं शाळेत. घर परबबाईंच्या खुर्चीवर चालायचं. सकाळी त्यांचा डबा यजमान भरून देत. आमटीत मीठ एक तर विसरलेलं, नाही तर दोनदा पडलेलं. मी एकदा त्यातली चव घेऊन तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "गिरणीतल्या मशिनींक कधी मीठ घातलेला नाय, शिकतीत हळूहळू." आणि डबा स्वच्छ पुसून खाल्ला.

आमच्याशी त्या अशा मालवणीत बोलायच्या. खटका पुढे केला की मात्र दुसरीच बाई. "होल्ड ऑन प्लीज," असं काही म्हणायच्या की पलीकडचा साहेब खुर्चीत सरळ होऊन बसत असेल.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पकडलं. अकाउंट्समधल्या टायपिस्ट मुलीला पाहून गेलेल्या स्थळाचा फोन होता. मी लाइन जोडली आणि खटका तसाच ठेवून, डोळे मोठे करून ऐकत बसले. परबबाईंनी आपल्या कॉलवर बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, हात लांब करून माझा खटका मागे ओढला. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "जोडलंस? मग तुझा काम संपला."

"अहो, पण तिला नकार देतायत की काय बघत होते. बिचारी."

"तिका कळात. तिचोच कान हा ना तो?"

मी मनात म्हटलं, म्हातारी काय बोअर आहे. आज मी त्यांच्याहून कितीतरी म्हातारी आहे आणि नातवंडांच्या खोलीबाहेर उभी राहून ऐकते, तो भाग वेगळा.

एकदा युनियनचा सेक्रेटरी कांदाभज्यांची पुडी घेऊन आला. बोनसवरून तापलं होतं. "परबबाई, साहेब हेड ऑफिसशी काय बोलले, तेवढं सांगा ना यार. आपलीच माणसं आहात." परबबाईंनी एक भजं खाल्लं. मला एक दिलं. म्हणाल्या, "बरी झालीत. तिखट कमी पडला." तो दहा मिनिटं उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून युनियनवाल्याच्या फोनचं विचारलं. परबबाई म्हणाल्या, "साहेब, मी लाइन जोडते." दोघंही चिडले. आणि त्यानंतर दोघंही नाजूक फोन असला की "परबबाईच जोडू देत" असं सांगायला लागले.

ही झाली दुसऱ्यांच्या गोष्टींबद्दलची शिस्त. मला वाटायचं, स्वतःचं तरी बोलतील. मे महिन्यात त्या गावी जाऊन आल्या. यजमान म्हणत होते मुंबई सोडू, गावी चार माड आहेत, त्यावर जगू. तेव्हा देवाला कौल लावायला गेल्या होत्या. त्यांच्याकडे देवाच्या मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवतात, मनातला प्रश्न सांगतात, आणि उजवीकडची आधी पडली की होय, डावीकडची पडली की नाही. मी आल्या आल्या विचारलं, "मग? उजवी की डावी?"

"पडली."

"अहो, पण कुठली?"

"गो, देव माझ्याशी बोललो. तुझ्याशी बोलूचा असता तर तुका बोलावल्यान नसता?"

त्या जूनमध्ये पुन्हा बोर्डावर आल्या, यावरून काय समजायचं ते मी समजले. त्यांनी मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता ती दुपार. एक साधा मंगळवार. जेवणं झाली होती, दोन वाजून वीस मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं म्हणून आठवतं. बोर्डावर त्रेचाळीस नंबरचा दिवा लागला.

त्रेचाळीस नंबर मेलेला होता. साचे बनवायचा जुना पॅटर्न-शॉप पाडला तेव्हा तिथला फोन काढून नेला होता. वर्षभर त्या भोकात कुणी दोरी घातली नव्हती. परबबाई म्हणाल्या, "हो कसो पेटलो?" दोरी खोचली, खटका पुढे केला. "नंबर प्लीज?"

आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

मी दोन कॉल जोडले, मग तिसरा. त्या तशाच. एक हात कानावरच्या हेडफोनवर. डोळे उघडे, बोर्डाकडे, पण बोर्ड बघत नसलेले. मला वाटलं, पलीकडे कुणी तरी वाईट बातमी देतंय. तेवढ्यात खाली लक्ष गेलं. परबबाईंनी टेबलाखाली चपला काढल्या. सावकाश, एक पाय, मग दुसरा. चपला मागे सारल्या आणि पावलं जुळवून फरशीवर ठेवली. देवळात बसतात तशी.

दिवा विझला. त्यांनी दोरी लगेच काढली नाही. मग काढली, तिचं पितळी टोक पदराने पुसलं आणि जागेवर ठेवलं. "पुढचे कॉल तू घे," म्हणाल्या. "मी जरा बसतंय."

चार वाजता चहा आला तेव्हा मी धीर करून विचारलं, "काय झालं हो दुपारी?"

"झाला ता झाला."

"कोण होतं फोनवर?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "नलू, माकाच अजून पुरता समजूक नाय. तुका काय सांगू?"

त्या दिवसापासून रोज, जेवण झालं की दोन-वीसच्या सुमाराला परबबाई मला हाताने खूण करायच्या, चपला काढायच्या आणि दहा मिनिटं बसायच्या. जप नाही, पोथी नाही, डोळेही मिटत नसत. मी एकदा विचारलं, "काय बघता?" म्हणाल्या, "झालेला बघतंय." एकच गोष्ट रोज कुणी बघतं का, असं मी म्हटल्यावर जरा विचार करून म्हणाल्या, "रोज तीच दिसली असती तर नाय बघलं असतंय."

बस, एवढंच माझ्याकडे होतं. एक दिवा, एक दोरी, काढलेल्या चपला. यावर शहाण्या बाईने गप्प बसायचं. पण माझ्या सासूबाई मला दर गुरुवारी शेजारच्या इमारतीत आरतीला नेत. आरती झाली की एकेक बाई महाराजांच्या तसबिरीशेजारी उभी राहून आपला अनुभव सांगे. कुणाच्या हरवलेल्या किल्ल्या सापडल्या, कुणाचा गॅसचा सिलिंडर नेमका पाहुणे यायच्या दिवशी आला. खालच्या मजल्यावरच्या सुनेला महिन्यात तीन अनुभव यायचे. सासूबाई घरी येताना जिन्यात म्हणायच्या, "त्यांच्या सुनेवर कृपा आहे बाई." माझ्यावर नव्हती, हे न बोलता दोन जिने वर यायचं.

त्या गुरुवारी मी उभी राहिले. परबबाईंच्या देवाचं नावही मला माहीत नव्हतं, म्हणून मी फोन आमच्या महाराजांना करायला लावला. आवाज गोड, सावकाश. म्हणाले, "लीला, घाबरू नकोस, मी आहे." बोलताना माझ्याच अंगावर काटा आला. बायकांनी हात जोडले. एकीने डोळे पुसले. घरी येताना सासूबाईंनी जिन्यात माझ्या हातातली पिशवी घेतली. वर्षभरात पहिल्यांदा. मग शेजारणी येऊन विचारत आणि मी पुन्हा पुन्हा सांगे.

पंधरा दिवसांत बोर्डावर फोन सुरू झाले. "परबबाई आहेत का? आमच्या मुलाच्या नोकरीचं तेवढं विचाराल?" परबबाई पहिल्यांदा "राँग नंबर" म्हणाल्या, दुसऱ्यांदाही. मग कुणी तरी फोनवर सगळी कथा सांगितली, आवाजासकट. त्यांनी ती ऐकून घेतली, खटका मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी खाली वाकून, आधीच सापडलेली टाचणी पुन्हा शोधत होते.

मग गेटवर बायका आल्या. पाच-सहा, नारळ घेऊन. वॉचमनने अडवलं, पण एक वयस्कर बाई आत आली आणि खोलीच्या दारातच वाकली. परबबाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "नको गो माये, नको," एवढंच म्हणाल्या. एका सकाळी येऊन पाहिलं तर त्रेचाळीस नंबरच्या भोकाला कुणी कुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. परबबाईंनी फूल कुंडीत नेऊन ठेवलं आणि ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. ते नीट जाईना. लाकडात गुलाबी डाग राहिला.

त्या दुपारी दोन-वीस झाले. परबबाईंनी मला खूण केली नाही. मी टेबलाखाली पाहिलं. चपला पायांतच होत्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. माझ्या बडबडीने काय केलं ते मला तिथे कळलं, गेटवरच्या बायकांकडे बघून कळलं नव्हतं.

मग मेकॅनिक आला. बोर्डाची मागची फळी काढून त्याने एक वायर ओढून दाखवली. उंदराने कुरतडली होती, दोन तारा एकमेकींना लागत होत्या. ऑफिस दोन दिवस हसलं. "परबबाई, उंदीरमामांचा फोन होता वाटतं." आधी पाया पडणारे आणि आता हसणारे, त्यात चार माणसं तीच होती. परबबाई दोन्ही वेळा लाइन जोडत राहिल्या.

दस्तूरसाहेब आमचे पर्सोनेल मॅनेजर. भला माणूस, पण गेटवरच्या नारळांनी वैतागलेला. आम्हा दोघींना बोलावलं. "लीलाबाई, सिंपल आहे. लिहून दे, वायर शॉर्ट होती, मी कोणाला काय बोलली नाय, काय झालं नाय. सही कर, जा बोर्डावर."

परबबाई म्हणाल्या, "वायर शॉर्ट होती हे लिहिते. कुणाला बोलले नाही हेही लिहिते. काही झालं नाही असं नाही लिहिणार, साहेब."

"मंजे झालं? काय झालं?"

"ते नाही सांगणार."

"अरे, मग आम्ही काय समजायचं? ऑपरेटरला डेड लाइनवर ऐकू येते? वरचे लोक बोर्डावर नाय ठेवणार तुला. एक लाइन लिहिली तर कोणाचं काय जाते?"

"माझं जातं, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "तू बाजूलाच बसलेली ना? काय पाहिलं?"

आणि मी, जिने तीस बायकांसमोर देवाचा आवाज काढून दाखवला होता, ती म्हणाले, "मी कॉल घेत होते, सर. लक्ष नव्हतं." आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं, तेही नको तिथे. परबबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. मुलाने पाटीवर चुकीचं लिहिलं की आई बघते, तसं. एक शब्द बोलल्या असत्या की अफवा कुणी उठवली, तर खुर्ची त्यांची राहिली असती आणि माझी गेली असती. त्या बोलल्या नाहीत.

त्यांची बदली गोदामात झाली. पंपांच्या खोक्यांना लेबलं बांधायची, दिवसभर उभं राहून. त्यांचे गुडघे दुखायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्या खुर्चीवर बसायला लागले. सासूबाईंनी पुढच्या गुरुवारी विचारलं, "आज काय सांगणार आहेस?" मी म्हटलं, "काही नाही." जिन्यात पिशवी पुन्हा माझ्याकडे आली.

चार महिने मी गोदामाकडे फिरकले नाही. मग एक दिवस दुपारचा चहा घेऊन गेले. परबबाई एका उलट्या खोक्यावर बसल्या होत्या. समोर कामगारांची ये-जा, हातगाड्यांचा खडखडाट. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पावलं जुळवून गोणपाटावर. त्या पुन्हा बसायला लागल्या होत्या. मी कपावर बशी झाकून पंपांमागे उभी राहिले, दहा मिनिटं. चहा गार झाला. तो त्यांनी तसाच प्यायला आणि म्हणाल्या, "आमच्या घरच्या मालकांनी केल्यासारखो झालो हा."

नंतर मी अधूनमधून जात राहिले. एकदा, लेबलाची सुतळी दातांनी तोडत, आपणहून म्हणाल्या, "बोलून टाकला ना, की मगे आपणच आपला बोलणा आठवत ऱ्हवतो. झालेला बाजूलाच ऱ्हवता." माझ्याविषयी बोलल्या की स्वतःविषयी, मी विचारलं नाही. पण घरी जाऊन करून पाहिलं. डोळे मिटून ती मंगळवारची दुपार आठवायला गेले, आणि मला ऐकू आला तो मीच बनवलेला गोड आवाज. "लीला, घाबरू नकोस." तो इतक्या वेळा सांगितला होता की खऱ्या दुपारवर त्याचंच कुंकू लागलं होतं. काढलेल्या चपला तेवढ्या शिल्लक आहेत. त्या मी कुणाला सांगितल्या नव्हत्या म्हणून.

मला स्वतःला असं काही झालं का? झालं. एकदा, बऱ्याच वर्षांनी. नात खनपटीला बसते, "आजी, सांग ना, सांग ना." मी तिला कैरीची डाळ करून देते.

तीन वर्षांनी परबबाई रिटायर झाल्या. गोदामातच चहा-वेफर्स, एक शाल, दस्तूरसाहेबांचं चार वाक्यांचं भाषण. बोर्ड बदलून तेव्हा नवा बटणांचा आला होता. जुना, गुलाबी डागासकट, भंगारात गेला होता. पाच वाजता मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेले. आमच्याकडे बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी वॉचमन तपासायचा, साहेब सोडून. परबबाई रांगेत उभ्या राहिल्या, शाल खांद्यावर, नारळ काखेत. मी इतकी वर्षं घशात धरलेलं त्या रांगेत बाहेर काढलं.

"परबबाई, तो फोनचा प्रकार... लोकांना सांगणारी मीच होते."

"ठाऊक आसा."

"कधीपासून?"

"पयल्याच फोनापासून. तू टाचणी शोधत होतंस ना?" त्या किंचित हसल्या. "आवाज गोड होतो म्हणे."

मला रडू यायला लागलं. चोवीसची सत्तावीस झाले होते, तरी गजरा होताच. "तुमची खुर्ची गेली माझ्यामुळे. आणि तुमचं ते... जे काही होतं ते, मी सगळ्यांना वाटून टाकलं हो."

वॉचमन म्हणाला, "बाई, पिशवी." परबबाईंनी पिशवी त्याच्यापुढे उघडून धरली. रिकामा डबा, नॅपकिन, चष्म्याचं घर, घडीची छत्री. त्याने एकेक वस्तू हलवून पाहिली, तळाशी हात फिरवला आणि मान डोलावली. परबबाईंनी चेन ओढली, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या गालावर एक हलकी चापट दिली.

"तू वाटलंस ता तुझाच होता गो, चेडवा. माझा माझ्याकडेच आसा."